बाहेर उणे वीस, आत वीस मुलं: हिवाळ्यातल्या रविवारच्या मराठी वर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि माझ्या फोनवर प्रश्न सुरू होतात. शिकागोच्या एका उपनगरात भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरणाऱ्या मराठी वर्गात मी अकरा हिवाळे काढले आहेत. मुलं साधारण पाच ते दहा वर्षांची. प्रश्न विचारणारे निम्मे नवे स्वयंसेवक शिक्षक, निम्मे पालक. दरवर्षी तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मिनियापोलिस, डेट्रॉइट, टोरांटो, जिथे जिथे बर्फ आणि मराठी वर्ग दोन्ही आहेत तिथे यातलं बरंचसं चालेल.

१. हिवाळ्यात मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडायचंच नाही का? किती थंडीपर्यंत चालतं?

नुसतं तापमान पाहू नका, वारा धरून येणारा आकडा पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यानुसार तापमान ० अंश फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) असेल आणि वारा ताशी १५ मैल असेल, तर अंगाला ती थंडी उणे १९ फॅरनहाइटसारखी (उणे २८ सेल्सिअस) लागते. अशा हवेत उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. मुलांची रोजची शाळा कुठल्या आकड्यापासून सुट्टी आत घेते ते शाळेगणिक बदलतं. तुमच्या भागातल्या शाळेचा नियम आपल्या वर्गालाही लावा, म्हणजे पालकांशी वाद उरत नाही.

पण आमचं खरं कारण वेगळं आहे. वीस मुलांना कोट, टोपी, गळपट्टा, हातमोजे आणि बूट चढवायला बारा मिनिटं लागतात, उतरवायला आणखी दहा. सुट्टी दहा मिनिटांची. हिशेब तुम्हीच करा. डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही आतच असतो.

२. दोन तासांचा वर्ग आहे आणि मुलं पंधराव्या मिनिटाला चुळबुळ करतात. काय करू?

चुळबुळ हा मुलांचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी. जानेवारीत शनिवार घरात, रविवारी सकाळ गाडीत, आणि मग आपण म्हणतो, 'हाताची घडी, तोंडावर बोट'. अंगात मुंगळे शिरतील नाही तर काय होईल!

मी पूर्वी पहिला तास अभ्यास आणि दुसरा तास खेळ अशी वाटणी करत असे. ती फसली. पहिल्या तासात मी ओरडत होते आणि दुसऱ्या तासात मुलं इंग्रजीत खेळत होती. आता बसणं आणि उठणं आलटून पालटून, दर बारा-पंधरा मिनिटांनी. शिवाय खेळ असा निवडायचा की मराठी बोलल्याशिवाय तो पुढे सरकणारच नाही. मराठी ही खेळाची बक्षिसी नको, खेळाचं तिकीट हवं. पुढचे बरेच प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात.

वर्गाची सुरुवात दारातच होते. कोट काढताना प्रत्येकाने काय काढलं ते सांगायचं: 'मी डावा बूट काढला, पायमोजा ओलाकच्च झाला.' ही पाच मिनिटं फुकट मिळतात आणि 'डावा-उजवा' वर्षभर पुन्हा शिकवावं लागत नाही.

३. हॉल लहान आहे आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्यांचा कार्यक्रम असतो. धुडगूस न घालता अंग हलवणारे खेळ कोणते?

सर्वांत आधी *शिवाजी म्हणतो*. नियम सगळ्यांना ठाऊक आहे: 'शिवाजी म्हणतो' हे शब्द आले तरच हुकूम पाळायचा. यात शरीराचे अवयव आणि क्रियापदं हवी तेवढी भरता येतात. 'उजव्या हाताने डावा कान धरा', 'गुडघ्यावर हनुवटी टेकवा', 'टाचांवर चाला'. तिसऱ्या रविवारनंतर हुकूम देण्याचं काम मुलांकडे द्या. हुकूम पाळणाऱ्यापेक्षा हुकूम सोडणाऱ्याला जास्त मराठी लागते.

*मामाचं पत्र हरवलं* बसून आणि पळून, दोन्हींचा मेळ आहे. आम्ही रुमालाऐवजी खरंच पत्र टाकतो: घडी घातलेला कागद, आत एक ओळ. ज्याच्या मागे पडेल त्याने पळण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचायची. न वाचता पळालं तर राज्य पुन्हा त्याच्यावरच. वाचनाचा कंटाळा करणारी मुलंसुद्धा इथे धडाधड वाचतात, कारण पळायची घाई असते.

*चिमणी भुर्र* लहानग्यांसाठी उत्तम. सगळ्यांची बोटं जमिनीवर. 'कावळा भुर्र', 'पोपट भुर्र', 'म्हैस भुर्र'. म्हशीला बोट उचललं की बाद. एकदा 'शहामृग भुर्र' म्हटल्यावर पाच मिनिटं वाद चालला, आणि तो वाद मराठीत चालला, म्हणून मी मध्ये पडले नाही.

झिम्मा आणि फुगडीही घ्या, मुलग्यांसकट. मंगळागौरीचे खेळ फक्त मुलींचे हा समज या वयात अजून रुजलेला नसतो, तो आपण रुजवू नये. फक्त पायमोजे घालून फुगडी किंवा लंगडी नको. गुळगुळीत फरशीवर पायमोजा म्हणजे घसरगुंडी. हिवाळ्यात प्रत्येकाने हॉलसाठी वेगळे, कोरड्या तळव्याचे बूट पिशवीत आणावेत, हा आमचा कडक नियम आहे.

४. बसून खेळायचे खेळ हवेत, पण मुलं पटकन इंग्रजीवर घसरतात. कोणता खेळ घेऊ?

पत्ते घ्या. काही पालकांच्या कपाळावर आठी उमटते, पण शब्दसंग्रहाला पत्त्यांइतका स्वस्त सोबती नाही. *बदाम सात* खेळताना आमचा एकच नियम: पान टाकताना त्याचं पूर्ण नाव मराठीत घ्यायचं, नाही तर पान परत हातात. 'किलवरची नव्वी.' 'इस्पिकचा गुलाम.' 'चौकटची दुर्री.' दोन रविवारांत एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी तोंडात बसतात. काहींची नावं घराघरांत थोडी वेगळी असतात. मुलांना आजीला विचारून यायला सांगा.

*राजा-राणी-चोर-शिपाई* मध्ये आम्ही थोडी भर घातली आहे. शिपायाने चोर ओळखण्याआधी तिघांना प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा आणि तिघांनी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. 'काल रात्री तू कुठे होतास?' 'मी मावशीकडे पिठलं खात होतो.' भूतकाळाचा सराव करून घेण्यासाठी मी व्याकरणाचे कागद छापत असे. आता छापत नाही.

कवड्या मिळाल्या तर *अष्टाचंग* शिकवा. पाच बाय पाच घरांचा पट खडूने किंवा चिकटपट्टीने जमिनीवर आखता येतो. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या तितकी घरं, चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळतं. कवड्या नसतील तर चिंचोके अर्धे करून घ्या: एक बाजू पांढरी, एक काळी. भारतीय किराण्यातल्या बियांसकट चिंचेतून ते निघतात. धाकटं भावंडं आसपास रांगत असेल तर मात्र चिंचोके आणि कवड्या टेबलावरच ठेवा. ते सरळ तोंडात जातात.

सापशिडी विकत आणू नका, बनवा. हा मूळचा आपल्याकडचाच खेळ. जुन्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. मुलांना शंभर घरं आखू द्या आणि साप-शिड्यांना नावं देऊ द्या. आमच्या पटावर सगळ्यात लांब साप 'ताईला न सांगता दुसरा लाडू खाल्ला' हा आहे.

५. नाव-गाव-फळ-फूल देवनागरीत घ्यायचं की रोमन लिपीत?

देवनागरीत. रोमनमध्ये घेतलं की खेळ इंग्रजी होतो: 'क'साठी 'किवी' आणि 'कॅलिफोर्निया' येतात आणि आपण बघत बसतो. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं आणि नाव तोंडी सांगावं.

'ण', 'ळ', 'ङ', 'ञ' ही अक्षरं चिठ्ठ्यांमधून काढून टाका, त्यांनी शब्द सुरू होत नाहीत. हे का, असं एखादं मूल विचारतं. मग त्याला शब्दाच्या आत 'ळ' शोधायला लावा: काळा, फळ, शाळा, बाळ. तो वेगळाच खेळ होतो आणि कधी कधी मूळ खेळापेक्षा छान चालतो.

गुण: एकट्याचा शब्द असेल तर दहा, दोघांचा सारखा असेल तर पाच. 'ट' आला की टोमॅटो फळ की भाजी यावर भांडण ठरलेलंच. आमचा निवाडा: जो मराठीत पटवून देईल त्याला दहा.

६. मराठी आकडे जमतच नाहीत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मोठी माणसंही अडकतात. काही उपाय?

अडकणं साहजिक आहे. इंग्रजीत 'फिफ्टी' कळलं की पुढचे नऊ आकडे फुकट मिळतात. मराठीत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं शिकावं लागतं, वर एकोणतीस म्हणजे तीसच्या आधीचा, हे उलटं गणित. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढी खडाजंगी झाली होती ते आठवत असेल. माझं मत विचाराल तर परदेशातल्या मुलाला आधी 'वीस सात' म्हणू द्या, सत्तावीस मागून येईल. पण येऊ द्या खरं. तिथेच थांबू नका.

आम्ही महिन्यातून एकदा मराठी हौझी खेळतो. नेहमीचंच तिकीट: तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे. तिकिटावर आकडे देवनागरीत, पुकारा फक्त शब्दांत. पहिल्या वेळी पुकारून झाल्यावर मी फळ्यावर आकडा लिहिते, दुसऱ्या महिन्यात लिहीत नाही. 'एकोणपन्नास' पुकारलं की अर्धी मुलं पन्नासच्या रकान्यात शोधतात. त्यांना चूक लगेच सांगू नका. शेजारचा 'लाइन!' ओरडला की तीच तिकीट पुन्हा बघतात.

७. आम्ही मराठीत विचारतो, मूल इंग्रजीत उत्तर देतं. 'मराठीत बोल' असं सांगून सांगून थकलो.

मग सांगणं थांबवा. मूल म्हणालं, 'आय वॉन्ट द रेड वन', तर आपण म्हणायचं, 'तुला लाल हवा? हा गडद लाल की फिका?' अर्थ कळल्याचं दाखवायचं, वाक्य मराठीत परत द्यायचं आणि वर एक छोटा प्रश्न टाकायचा. खेळात मात्र थोडं ताणता येतं, कारण तिथे नियम असतो आणि नियम ताईचा नसून खेळाचा असतो (प्रश्न ४ मधला पान परत घेण्याचा नियम पाहा). दंड, खाऊ बंद, इंग्रजी शब्दाला एक डॉलर, असलं काही करू नका. एका हिवाळ्यात मी डॉलरची बरणी ठेवली होती. मुलं गप्प बसायला शिकली.

८. चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं मूल एकाच खोलीत आहे. वेगळा वर्ग करायला जागा नाही.

मोठ्यांना लहानांचे शिक्षक करू नका. पहिले दोन आठवडे त्यांना मिरवायला आवडतं, मग कंटाळा येतो. त्याऐवजी एकाच खेळात वेगळी कामं द्या. 'मामाचं पत्र' मध्ये पत्रं मोठी मुलं लिहितात, लहान मुलं पळतात. हौझीत पुकारा मोठ्यांचा. वर्गाच्या शेवटी मात्र मोठ्यांना वीस मिनिटं त्यांची स्वतःची हवीत, ज्यात 'बाळ' कुणी नसेल.

९. बर्फ बाहेर पडतोच आहे, तर त्यावरच काही करता येईल का?

येईल, आणि तेच करा. सगळं साहित्य दाराबाहेर फुकट पडलंय.

एक मोठा पारदर्शक पेला ताज्या भुसभुशीत बर्फाने काठोकाठ भरून आणा. प्रत्येकाने अंदाज करून पेल्यावर खूण करायची: वितळल्यावर पाणी कुठपर्यंत येईल? बहुतेक मुलं अर्ध्याच्या वर खूण करतात. ठोकळमानाने दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं, त्यामुळे तळाशी जेमतेम बोटभर पाणी पाहून सगळी तोंडं उघडी. बर्फ कोरडा की ओला यावर हा हिशेब बराच बदलतो. म्हणून जानेवारीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा करून पाहा.

कागदाचे हिमस्फटिक कापताना जवळपास सगळे जण आठ पाकळ्यांचे कापतात, कारण कागद निम्म्यात निम्मा दुमडणं सोपं. बर्फाचा स्फटिक मात्र षट्कोनी असतो. पाण्याचे रेणू गोठताना तसेच रचले जातात. म्हणून चौकोनी कागद तिरका दुमडून त्रिकोण करा आणि मग त्या त्रिकोणाच्या तीन सारख्या घड्या घाला. 'तीन सारखे भाग' हे सहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी जमवावं लागतं, त्यातच दहा मिनिटं जातात. निम्मा, तिसरा हिस्सा, कड, टोक, घडी: सगळे शब्द हातातून येतात.

शब्दांचीही मौज करा. आपल्याकडे थंडीला तोटा नाही: गारठा, हुडहुडी, कुडकुडणं, काकडणं, बोचरी थंडी, गुलाबी थंडी. पण छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्याला रोजच्या बोलीत शब्द सापडत नाही, कारण साताऱ्याला तो लोंबतच नाही. आम्ही मुलांना शब्द बनवायला सांगितला. 'बर्फाची शेंग' आला, 'थंड गाजर' आला. उन्हाळ्यात आजोळी वड पाहून आलेल्या एका सात वर्षांच्या मुलीने 'बर्फाची पारंबी' म्हटलं. तेव्हापासून आमच्या वर्गात तोच शब्द आहे.

१०. संक्रांतीला तिळगूळ वाटायचा का? एका पालकाने हरकत घेतली आहे.

हा प्रश्न दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि भावना दुखावतात, म्हणून स्पष्ट लिहिते. वर्गात तिळाची अॅलर्जी असलेलं एक जरी मूल असेल, तर खोलीत तीळ आणायचा नाही. 'थोडासाच', 'तो खाणार नाही', 'घरी जाऊन उघडा' यातलं काहीही नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून पाकिटावर लिहिणं बंधनकारक आहे, तो उगाच नाही. शेंगदाणा तर आधीपासूनच त्या यादीत आहे, म्हणजे 'तिळाऐवजी दाण्याची चिक्की' ही पळवाटही बंद. प्रवेशाच्या अर्जातच अॅलर्जीचा रकाना ठेवा, १३ जानेवारीच्या रात्री विचारत बसू नका.

मग काय वाटायचं? साबुदाण्यावर चढवलेला हलवा घरी करता येतो. मंद आचेवर पाकाचे थेंब टाकत हलवत राहायचं, काटा यायला दोन-तीन दिवस लागतात आणि हात भरून येतो. विकतच्या हलव्यात आत तीळ असू शकतो, तो नको. आमच्याकडे दोन वर्षं कागदी तिळगूळ आहे: लाडूच्या आकाराच्या गोल घडीत एक गोड वाक्य, ते वाचून दाखवायचं. पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं होतं. मुलांना काहीच वाटलं नाही.

संक्रांतीचं विज्ञान मात्र सोडू नका. आपण काळे कपडे का घालतो? दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, एकाला काळा कागद गुंडाळा, दुसऱ्याला पांढरा, आणि ऊन येणाऱ्या दक्षिणेच्या खिडकीत तासभर ठेवा. थर्मामीटर वाचण्याचं काम ज्याच्याकडे, तो त्या दिवशीचा राजा. आणि 'दिवस तिळातिळाने वाढतो' हे तक्त्यावर दाखवा. शिकागोत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य ४:२० च्या सुमारास मावळतो, जानेवारी संपताना पाच वाजून जातात. दर रविवारी एका मुलाने आदल्या दिवशीची वेळ लिहायची. नऊ-दहा वर्षांचं मूल विचारेल की सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरच्या सुमारास, मग संक्रांत १४ जानेवारीला का? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवरून ठरणारा मकर प्रवेश सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने पुढे सरकत गेला. भोवरा फिरवून दाखवा, नुसतं सांगून कळत नाही.

११. हॉल चर्चचा आहे. दिवा, ओवाळणं, बोरन्हाण यातलं काय चालतं?

उघडी ज्योत बहुतेक भाड्याच्या जागांत चालत नाही. करार वाचा. बॅटरीवरचे दिवे आणा. एकदा आमच्या निरांजनाने धुराचा अलार्म वाजला आणि वीस मुलं पायमोज्यांवर बर्फात उभी राहिली, तेव्हापासून मी बॅटरीवाल्या दिव्यांना हसत नाही. बोरन्हाणात लहान मुलांच्या डोक्यावरून चुरमुरे चालतात. बोरं, हरभरे, गोळ्या तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकू शकतात. आणि झाडू आपलाच न्या. चुरमुरे पुढच्या वर्षीपर्यंत सापडतात.

१२. बर्फामुळे वर्ग रद्द झाला तर ऑनलाइन घ्यावा का?

घ्या, पण पाऊण तासच. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटवर (उणे ३१ सेल्सिअस) गेला आणि शाळा बंद राहिल्या. असे दिवस क्वचित येतात, पण रस्ते निसरडे झाल्याने वर्ग बुडण्याचे रविवार दरवर्षी दोन-तीन असतातच.

अशा दिवशी मी धडा घेत नाही, आजी-आजोबांना बोलावते. हिवाळ्यात भारत शिकागोच्या साडेअकरा तास पुढे असतो. इथे सकाळी साडेआठ तर तिकडे रात्रीचे आठ, जेवणं व्हायच्या बेतात. भेंड्या लावू नका, आवाज मागेपुढे पोचतो आणि दोन्हीकडे गाणी एकावर एक चढतात. नाव-गाव-फळ-फूल मस्त चालतं (नियम प्रश्न ५ मध्ये). आजोबा 'ब'ला 'बुरुंडी' गाव म्हणून खपवू पाहतात आणि नातू नकाशा काढून दाखवतो की तो देश आहे. कोडीही उत्तम. आजीने कोडं घालायचं आणि उत्तर पुढच्या रविवारी सांगायचं. मुलं आठवडाभर ताटकळतात.

१३. घरी दिवस लवकर मावळतो आणि चार वाजल्यापासून पडदा सुरू होतो. मराठी कार्टून लावलं तर चालेल ना?

लहानांसाठी जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला तासाच्या वर नको, त्याहून कमी असेल तर बरं. भाषा मराठी आहे म्हणून त्या तासाची मर्यादा वाढत नाही. जे लावाल ते शेजारी बसून पाहा आणि मधेच थांबवून विचारा, 'आता काय होईल?' तेवढ्याने ऐकणारं मूल बोलणारं होतं.

आणि चार ते सहा या वेळेला स्वयंपाकघर मोकळं ठेवा. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्यांचे उंदीर करणं, कोथिंबीर निवडणं. माझ्या वर्गातली सगळ्यात अस्सल मराठी बोलणारी दोन मुलं रोज संध्याकाळी ओट्याजवळच्या स्टुलावर बसतात, एवढं मी पाहिलं आहे.

१४. माझ्या मुलाला गोंगाट सहन होत नाही. खेळ सुरू झाला की कान झाकून कोपऱ्यात जातो.

आधी सांगा, लपवू नका. शिक्षकाला माहीत नसेल तर तो त्याला हौसेने मधोमध आणून बसवतो. आम्ही एका कोपऱ्यात चटई, कान झाकायचे हेडफोन आणि एक काम ठेवतो: गुण लिहिणं, हौझीचे पुकारलेले आकडे मांडणं, वेळ मोजणं. कोपऱ्यात बसूनही तो खेळात असतो. बंद हॉलमध्ये टाळ्यांचा आवाज दुप्पट होतो, म्हणून हिवाळ्यात आम्ही टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून बोटं हलवतो. आता सगळ्या मुलांना तेच आवडतं.

१५. घरात एकच पालक मराठी बोलतो. दुसऱ्याने वर्गात आणून सोडलं तर तो तिथे काय करणार?

खेळणार. पत्ते, अष्टाचंग आणि 'शिवाजी म्हणतो' यांना मोठं माणूसही चालतं. मिशिगनमध्ये वाढलेले एक बाबा आमच्याकडे बदाम सातमध्ये मुलांकडून पानांची नावं शिकले. मुलांना याचा केवढा गर्व! आता ते हौझी पुकारतात, आणि एकोणपन्नासला तेही अडखळतात (प्रश्न ६).

१६. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. मुलांकडून भाषण पाठ करून घेऊ का?

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस साजरा करावा, पण 'आदरणीय व्यासपीठ' पाठ करणाऱ्या मुलाला त्यातलं व्यासपीठ म्हणजे काय ते माहीत नसतं. हिवाळाभर जे केलं तेच मंचावर न्या. बर्फाच्या पारंबीवर चार ओळी, 'शिवाजी म्हणतो' मध्ये पालकांना नाचवणं, राजा-राणी-चोर-शिपाईचं पाच मिनिटांचं नाटुकलं, ज्यात संवाद दरवेळी वेगळे. चुका होतील. प्रेक्षकांतले काका-मावशी पुढे वाकून ऐकतात, कारण पुढचं वाक्य कुणालाच माहीत नसतं. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आठ दिवस आधी येते. दोन्ही कार्यक्रम एकत्र केलेत तर हॉलचं भाडंही वाचेल.

१७. ताई, माझ्या मुलाचा एक हातमोजा वर्गात राहिलाय का?

हो. राहिलाच असेल. दाराजवळ निळं खोकं आहे, त्यात या घडीला चौदा हातमोजे आहेत आणि एकही जोडी नाही. पण पालकांना तो मिळत नाही. मुलाने स्वतः यायचं आणि न बघता मराठीत वर्णन करायचं: रंग, डावा की उजवा, लोकरीचा की जाड कापडाचा, कुठे फाटलाय. वर्णन जुळलं तरच हातमोजा. मागच्या आठवड्यात एकाने इतकं सुरेख वर्णन केलं की मी तो देऊन टाकला. घरी गेल्यावर त्याच्या आईचा फोन आला, तो आमचा नव्हताच.